पेटीवरून माझी बाग सापडते, मग मला माझी पेटी का सापडत नाही?

नाशिक जिल्ह्यातल्या सर्व द्राक्ष निर्यातदारांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी दिंडोरी तालुक्यातली द्राक्ष बागायतदार. साडेचार एकर बाग आहे, तीन एकर थॉमसन आणि दीड एकर क्रिमसन. फवारणीची वही, मजुरांचा हिशेब, औषधाच्या दुकानाची उधारी आणि तुमच्याकडचं येणं हे सगळं घरात मीच बघते. आता गोडी छाटणीची, म्हणजे फळासाठीच्या छाटणीची, तयारी चालू आहे. छाटणी झाली की काही महिन्यांत तुमची माणसं बागेत येतील, मणी मोजतील, गोडी बघतील आणि सौदे ठरतील. त्याआधी एक मागणी तुमच्यासमोर ठेवायची आहे. ज्या कंटेनरमधून आमचा माल जातो, त्याच्या तापमानाची नोंद आम्हाला द्या. माल भरल्यापासून तिकडे दार उघडेपर्यंतची, पूर्ण.

ही मागणी कुठून आली ते सांगते.

२०२४ च्या फेब्रुवारीत माझा थॉमसनचा माल एका निर्यातदारामार्फत युरोपला गेला. नाव लिहीत नाही, कारण हे पत्र एका माणसाबद्दल नाही. लोडिंगच्या दिवशी मी पॅकहाऊसवर होते, म्हणजे माल थंड करून, पेट्यांत भरून कंटेनरमध्ये चढवतात तिथे. बाहेर ऊन तापलेलं आणि आत बोटं आखडावीत अशी थंडी. शेवटचं पॅलेट, म्हणजे फळीवर रचलेली पेट्यांची थप्पी, कंटेनरमध्ये ढकलायच्या आधी कानटोपी घातलेल्या एका मुलाने खिशातून साबणाच्या वडीएवढं पांढरं यंत्र काढलं. बटण दाबून धरलं, हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. मग त्याने ते दाराजवळच्या पॅलेटवर, वरून दुसऱ्या थरातल्या पेटीला चिकटवलं आणि हाताने दाबून बघितलं. मी विचारलं, "काय रे हे?" तो म्हणाला, "रेकॉर्डर आहे काकू, टेंपरेचरचा. आत सिमकार्ड असतं. तिकडे पोचेपर्यंत सगळं लिहून ठेवतो." मला कौतुक वाटलं. सहज त्याच्या नंबरचा फोटो काढून ठेवला.

त्या वर्षी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालू होते. सुएझचा रस्ता सोडून जहाजं आफ्रिकेला वळसा घालून, केप ऑफ गुड होपवरून जात होती. आमचंही तसंच गेलं. मुलीने जहाजाचं नाव टाकून मोबाइलवर नकाशा उघडला. मोठ्या जहाजांना आपली जागा सतत कळवणारं यंत्र सक्तीचंच असतं, त्यामुळे ते कुणालाही दिसतं. रोज संध्याकाळी जेवणाआधी आम्ही बघायचो, आज कुठवर पोचलं. पंचवीस दिवसांचा प्रवास चाळीस दिवसांवर गेला. जहाज कुठे आहे ते घरबसल्या कळत होतं. त्याच्या पोटातली माझी द्राक्षं कशी आहेत, ते कळायला मार्ग नव्हता.

एकेचाळिसाव्या दिवशी व्हॉट्सॲपवर चार फोटो आले. देठ तपकिरी पडलेले. दोन पनेटमध्ये, म्हणजे पेटीतल्या छोट्या डब्यांमध्ये, मणी गळून तळाशी साचलेले. एकात राखाडी बुरशी. खाली एक ओळ होती, किलोमागे बावीस रुपये कमी. त्या कंटेनरमध्ये माझा माल साडेसहा टन होता. म्हणजे एका ओळीत १,४३,००० रुपये गेले.

मी भांडायला गेले नव्हते. काढलेला फोटो दाखवून एवढंच विचारलं की या नंबरच्या रेकॉर्डरने काय लिहिलंय ते दाखवा. पहिल्यांदा उत्तर मिळालं, बघून सांगतो. दुसऱ्यांदा मिळालं, तो रिपोर्ट तिकडच्या कस्टमरकडे जातो, आम्हाला येत नाही. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, "काकू, मालच कमजोर होता."

असेल. चाळीस दिवस कुठलंही फळ सोसेलच असं मी म्हणत नाही. पण माल कमजोर होता की कंटेनर, याचं उत्तर ज्या यंत्रात लिहिलेलं होतं ते यंत्र माझ्याच पेटीला चिकटलेलं होतं.

नंतर मी हे समजून घ्यायला लागले. तुमच्यातले अनेकजण हे माझ्याहून चांगलं जाणतात, तरी लिहिते, कारण हे पत्र बागायतदारही वाचतील. शून्य अंशावर लावलेला कंटेनर गरम माल थंड करत नाही. ते त्याचं कामच नाही. थंड करून दिलेला माल तो थंड राखतो. म्हणून तर काढणीनंतर प्रीकूलिंगमध्ये, म्हणजे पॅकहाऊसच्या थंड खोलीत, गराचं तापमान चार अंशांच्या खाली आणायचं असतं. कंटेनरचं मशीन जमिनीवरच्या खाचांतून गार हवा सोडते, ती पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून परत मशीनकडे जाते. जाणाऱ्या हवेला सप्लाय म्हणतात, परतणाऱ्या हवेला रिटर्न. दोन्हींची नोंद मशीन स्वतः ठेवते. बऱ्याच मोठ्या शिपिंग लाइनच्या रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, आता मोडेम आणि जीपीएस बसवलेलं असतं. भर समुद्रात असतानाही जहाजावरच्या उपग्रह यंत्रणेमार्फत ती नोंद कंपनीच्या ऑफिसात जाते. पेटीला चिकटवलेला रेकॉर्डर वेगळा. त्याला समुद्रात रेंज नसते. तो सगळं साठवतो आणि बंदराजवळ रेंज आली की एकदम पाठवून देतो. काही रेकॉर्डरना उजेडही कळतो, म्हणजे दार कधी उघडलं तेही त्यात येतं.

आता सप्लाय आणि रिटर्न यांच्या आलेखावरच्या दोन रेघा शेजारी शेजारी ठेवून बघा. सप्लाय शून्यावर सपाट आहे आणि रिटर्न पहिले तीन-चार दिवस चार-पाच अंशांवर रेंगाळून मग हळूहळू उतरते, याचा अर्थ मशीन नीट होतं आणि माल गरम भरला गेला. चूक पॅकहाऊसची. सप्लायच मध्येच चढली, तर मशीन बंद पडलं किंवा वीज तुटली. ते घाटात झालं, बंदराच्या यार्डात झालं की जहाजावर झालं, हे शेजारची तारीख आणि वेळ सांगते. दोन्ही रेघा दार उघडेपर्यंत शून्याजवळ सपाट आहेत आणि तरी मणी गळले, तर दोष माझा. मी पाणी जास्त दिलं असेल, काढणी उन्हात लांबली असेल, क्रेट बांधावर तापत पडले असतील. तसं असेल तर कट, म्हणजे भावातली कपात, मला मान्य आहे आणि पुढच्या वर्षी काय सुधारायचं तेही मला कळेल.

रेघेवर मधूनमधून छोटे उंचवटे दिसतात. मशीन स्वतःवरचा बर्फ वितळवतं तेव्हाचे ते असतात. दाराजवळचा रेकॉर्डर मशीनच्या आकड्याहून थोडं जास्त दाखवतो, तेही ठीक. एवढं वाचायला आम्ही शिकू. डाऊनी आणि भुरी हे रोग ओळखायला शिकलो, ब्रिक्स म्हणजे गोडी मोजायला शिकलो, हेही शिकू.

हे सगळं पुस्तकी नाही, हे मला २०२५ च्या हंगामात कळलं. त्या वर्षी दुसऱ्या निर्यातदाराला माल दिला. तिकडून पुन्हा तक्रार आली, देठ सुकलेत म्हणून. मी मनात म्हटलं, झालं, यंदाही तेच. पण त्यांनी मला ऑफिसात बोलावलं, लॅपटॉप फिरवून माझ्यासमोर केला आणि आलेख उघडला. सप्लायची निळी रेघ शून्यावर सपाट. रिटर्नची लाल रेघ पहिले तीन दिवस साडेचारच्या वर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्या दिवशी आमच्याकडची वीज गेली होती. जनरेटरवर प्रीकूलिंगची एकच खोली चालवली आणि जहाज चुकू नये म्हणून माल सहा अंशांवर भरला. तुमचा दोष नाही." कटातला अर्धा भाग त्यांनी स्वतः सोसला. नुकसान माझंही झालं, त्यांचंही झालं. तरी त्यांच्या ऑफिसातून उठायच्या आधी मी पुढच्या वर्षाच्या मालाचा शब्द देऊन आले. माझ्या जाऊबाईंनीही त्यांनाच माल दिला.

भाव कमी मिळाल्याचं दुःख बागायतदार पचवतो. गारपिटीत पचवतो, अवकाळीत पचवतो. का कमी मिळाला हेच कुणी सांगत नाही, ते पचत नाही.

आता तुमच्या बाजूने माझा माग किती नीट लागतो ते बघा. २००६ च्या सुमारास अपेडाने, म्हणजे शेतमाल निर्यातीचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ग्रेपनेट ही निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ऑनलाइन यंत्रणा सुरू केली. तेव्हापासून माझ्या प्लॉटची नोंदणी होते. माझी फवारणीची वही तपासली जाते. काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस येऊन बागेतून नमुना घेऊन जातो. अवशेषांचा अहवाल आल्याशिवाय एक घड बाहेर जात नाही. पॅलेटवर नोंद लागते आणि युरोपातल्या एखाद्या पेटीत काही सापडलं, तर त्या नोंदीवरून उलटा माग काढत थेट माझ्या प्लॉटपर्यंत पोचता येतं. मी याच्या विरोधात नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, ते वर्ष आठवलं की आजही पोटात गोळा येतो. आपण लिहोसिन म्हणतो ते हेच. त्या वर्षी किती घरं कर्जात बुडाली हे तुम्हीही जवळून पाहिलंय. त्यातून आपण शिकलो, शिस्त लागली, आणि आज आपल्या द्राक्षांवर तिकडचा ग्राहक विश्वास ठेवतो तो या शिस्तीमुळे.

पण ही वाट एकाच दिशेने उघडी आहे. तिकडच्या दुकानातून माझ्या बांधापर्यंत येता येतं. माझ्या बांधावरून माझ्या पेटीपर्यंत जाता येत नाही. मी कोणत्या तारखेला काय फवारलं हे परदेशातल्या माणसाला कळू शकतं, आणि माझ्या मालाला कसारा घाटात किती अंश होते हे मला कळू शकत नाही.

सिमकार्डवाली यंत्रं आम्हाला नवी नाहीत. विहिरीवरच्या मोटारीला मोबाइल स्टार्टर आहे. रात्री दोनला लाइट आली की माझे मिस्टर अंथरुणातून मोटार चालू करतात, आणि फेज गेला तर फोन येतो. शेजारच्या बागेत हवामान केंद्र आहे, ते पानं किती तास ओली राहिली ते मोबाइलवर कळवतं, मग डाऊनीची फवारणी घ्यायची की नाही ते आम्ही सगळे त्याच्यावरून ठरवतो. घराला नवा वीज मीटर बसलाय, तो रीडिंग आपलं आपण पाठवतो. त्या मीटरवरून गावोगाव वाद आहे, त्यात मी इथे पडत नाही. पण त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वीज ग्राहकांच्या हक्कांचे जे नियम केंद्र सरकारने २०२० मध्ये केले, त्यात स्मार्ट मीटरवरचा वापर ग्राहकाला वेबसाइटवर, ॲपवर किंवा एसएमएसने कळला पाहिजे असं लिहिलंय. ज्याच्या खिशातून पैसे जायचे, त्याला मीटर दिसला पाहिजे.

कंटेनरमधला रेकॉर्डर म्हणजे माझ्या मालाचा मीटरच आहे. त्याच्या आकड्यावर माझे पैसे कापले जातात. मग तो मला का दिसू नये? आपल्याकडे उसाच्या काट्यावरून, दुधाच्या फॅटवरून किती आंदोलनं झाली. तिथे लोकांचं म्हणणं काय होतं? काटा आमच्यासमोर करा, एवढंच.

कंटेनर कुठे आहे हे कळायची सोय सरकारनेही केली आहे. न्हावा शेवाला २०१६ पासून कंटेनरला टॅग लागतात, आणि लॉजिस्टिक्स डेटा बँकेच्या वेबसाइटवर कंटेनर नंबर टाकला की तो बंदरात कधी शिरला ते कुणालाही दिसतं. आता पॅकहाऊसवर लावायचं सीलही इलेक्ट्रॉनिक असतं. चांगलंच आहे. पण द्राक्षाला नुसतं 'कुठे' पुरत नाही. बंदरापर्यंतच्या दोनशे किलोमीटरच्या रस्त्यात कंटेनरचा जनरेटर दोन तास बंद पडला, तर तो कंटेनर नकाशावर बरोबर जागीच दिसणार, आणि आतला देठ तपकिरी पडायला लागलेला असणार.

तुमची अडचण मी समजू शकते. मी काही निर्यातदारांशी बोलले. एकजण म्हणाले, आलेखावर ग्राहकाचं नाव असतं, ते तुम्हाला दिलं तर उद्या दुसरा कुणी थेट त्याच्याकडे जाईल. मग नाव झाका. दर झाका. मला तुमचा ग्राहक नको, मला माझ्या पॅलेटचं तापमान हवंय. दुसरे म्हणाले, रेकॉर्डर इंपोर्टर लावायला सांगतो, डेटा त्याचा. तसं असेल तर सौद्यातच लिहून घ्या की क्लेम, म्हणजे मालाबद्दल भरपाईची तक्रार, आला तर नोंदीची प्रत तुम्हाला मिळेल. तो आपला माल घेतो, तुम्ही त्याला एवढं सांगू शकता. शिवाय शिपिंग लाइनकडे कंटेनरच्या मशीनची स्वतःची नोंद असतेच, आणि बुकिंग तुमच्या नावावर असतं, तेव्हा ती मागायला तुम्हाला कुणाला विचारावं लागत नाही. तिसऱ्यांनी सांगितलेली गोष्ट मात्र खरी अवघड आहे. एका कंटेनरमध्ये तीन-चार बागायतदारांचा माल असतो आणि रेकॉर्डर एकच. तो दाराजवळ असतो, मशीनजवळच्या पॅलेटचं त्याला नक्की कळत नाही. यावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. निदान लोडिंगच्या यादीत कुणाचं पॅलेट कुठल्या जागेवर आहे हे लिहिलेलं असावं, आणि प्रत्येक बागायतदाराच्या मालाचं भरतानाचं तापमान वेगळं घेतलेलं असावं.

हे भरतानाचं तापमान मला सगळ्यात आधी हवंय, कारण त्याला कुठलंच महागडं यंत्र लागत नाही. सुईचा थर्मामीटर मण्यात टोचायचा, आकडा दिसेल असा फोटो काढायचा आणि त्याच दिवशी मला पाठवायचा. मी तिथे हजर असेन तर माझ्यासमोर टोचा. पाच पेट्या बघा, त्यातली एक मी निवडेन. त्यानंतर पावतीवर कंटेनर नंबर, रेकॉर्डरचा नंबर आणि तो कुठल्या पॅलेटवर लावला ते लिहून द्या. माल पोचल्यावर तपासणीचा अहवाल येतो, त्याच्याबरोबर नोंदीची पूर्ण फाइल द्या. स्क्रीनशॉट नको, त्यात हवे तेवढेच दिवस दाखवता येतात. आणि ज्या मालाची नोंद देता येणार नाही, त्या मालावर गुणवत्तेच्या कारणाने कट लावू नका. एवढं सौद्याच्या कागदावर येऊ द्या.

आमच्याकडूनही काही मागा, आम्ही देऊ. काढणी किती वाजता सुरू झाली, शेवटचा क्रेट किती वाजता गाडीत गेला, क्रेट सावलीत होते का, आदल्या आठवड्यात पाणी किती दिलं, हे सगळं मी लिहून देईन. मागच्या हंगामापासून लिहितेच आहे, फवारणीच्या वहीच्या मागच्या पानांवर. उन्हं वर यायच्या आत काढणी थांबवायची हे आमच्या मजुरांना आता सांगावं लागत नाही. माल पॅकहाऊसला उशिरा पोचला तर ती माझी चूक म्हणून मांडा, मी नाकारणार नाही.

अपेडाला आणि द्राक्ष बागायतदार संघालाही माझी विनंती आहे की यात पुढाकार घ्या. ग्रेपनेटमध्ये प्लॉटपासून पॅलेटपर्यंतची साखळी आहेच. त्याच्या पुढे तापमानाच्या नोंदीची एक कडी जोडता येईल का, ते बघावं. बागायतदाराने आपला नोंदणी क्रमांक टाकला की त्याच्या मालाचा आलेख उघडावा. पण त्याला वेळ लागेल, आणि माझी द्राक्षं तोवर थांबणार नाहीत. म्हणून हे पत्र आधी तुम्हाला लिहिलं.

आमच्या गावातल्या आणि शेजारच्या दोन गावांतल्या काही बागायतदारांनी मिळून वरच्या मागण्या एका पानावर लिहून काढल्या आहेत. यंदा सौद्याला बसताना ते पान आमच्या हातात असेल. सगळं एकदम जमणार नसेल तर मण्यात टोचलेल्या थर्मामीटरचा फोटो आणि रेकॉर्डरचा नंबर यापासून सुरुवात करू. जानेवारीत पहिला कंटेनर लागेल तेव्हा मी पॅकहाऊसच्या धक्क्यावर असेन. तो कानटोपीवाला मुलगा अजून तिथे असेल, तर त्याच्याकडून रेकॉर्डर हातात घेऊन नंबर मीच वाचून दाखवीन आणि तुम्ही तो पावतीवर लिहा.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार
तालुका दिंडोरी, जिल्हा नाशिक